"बाग सांभाळलेली नाही" – होमस्टेच्या पाहुण्यांना काय सांगायचं?

दारचीपोफळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचते आहे, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आले.

दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला आमची वाडी आहे, पंचवीस गुंठ्यांची. पुढे घर, मागे विहीर, मधून पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना माड-पोफळी. २०१९ च्या दिवाळीत घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि पाहुणे घ्यायला लागलो. खोल्यांची झाडलोट मी स्वतः बघते, जेवण माझ्या हातचं असतं, त्याबद्दल आजवर कुणी वाकडा शब्द काढलेला नाही. तक्रार येते ती बागेची. पूर्वी वर्षाकाठी एखादी यायची, यंदा पावसाळा सरता सरता तीन आल्या.

शेवटची मनाला फार लागली. गणपती आटोपल्यावरच्या शनिवारी पुण्याहून एक कुटुंब आलं. आई-वडील, दोन मुलगे, सोबत आजी. रविवारी सकाळी चहा घेऊन गेले तर ते गृहस्थ पडवीत उभे होते, हातातल्या मोबाइलवर आमचेच फोटो. मला म्हणाले, "काकू, हे बघा आणि समोर बघा." समोर पाटाच्या कडेला गुडघाभर रान वाढलेलं. रात्री आडवी पडलेली झावळी तशीच होती, कारण सकाळचे साडेसहाच वाजले होते. मग एकेक निघत गेलं. झावळी पडल्याच्या आवाजाने धाकटा दचकून उठला तो पुन्हा झोपलाच नाही. न्हाणीच्या भिंतीवर पैसे (वेटोळं करणारे ते बहुपायी किडे) चढले होते. टॉवेल वाळत घातले त्यांना तांबड्या ओंबिलांनी, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या मुंग्यांनी वेढलं. संध्याकाळी पडवीत डासांनी बसू दिलं नाही. मी ऐकून घेतलं. काय बोलावं तेच सुचेना.

जाताना त्यांनी अर्धे पैसे परत मागितले. दोन खोल्या दोन रात्रींचे ९,६०० झाले होते. मी घाबरून २,००० दिले. घरी पोचल्यावर त्यांनी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, "बाग अजिबात सांभाळलेली नाही."

हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. त्या ८१ वर्षांच्या आहेत. अजून रोज उजाडताना हातात टोपली घेऊन खाली वाकतात आणि पडलेली सुपारी एकेक करून वेचतात. पातेरा, म्हणजे गळलेला पाला, ओढून त्याच पोफळींच्या आळ्यात घालतात, कारण पोफळीची मुळं वरच्यावर असतात, त्यांना ऊन लागू द्यायचं नसतं. बाहेरच्या माणसाला तो कचरा दिसतो, हे मला कळतं. पण "सांभाळलेली नाही" हे खरं नाही हो.

आता आमची बाजू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या १४० पोफळींपैकी ३८ उरल्या. माड नऊ मोडले. त्याआधी वाडीत भर दुपारीसुद्धा दिवा लावावासा वाटे इतकी सावली होती आणि त्या सावलीत गवताची काडी उगवत नसे. वादळानंतर ऊन थेट जमिनीवर यायला लागलं आणि पहिल्याच पावसात रान माजलं. २०२१ च्या पावसात नवी रोपं लावली, ती आत्ता कुठे डोक्याच्या वर गेली आहेत. गवत कापायला मशीनवाला दिवसाचे १,२०० घेतो, पेट्रोल आपलं. पावसाळ्यात तो दोनदा मिळाला तर नशीब. कापल्यावर दहा-बारा दिवसांत परत घोट्याएवढं होतं. मावशी आठवड्यातून तीन दिवस येतात, त्यांच्याकडून सगळं होत नाही.

एक गोष्ट मात्र मी कबूल करते. त्यांचा मोठा मुलगा विहिरीकडे जाताना चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरला. गुडघा चांगला सोलला. मी जखम धुवून पट्टी बांधली, तो बिचारा रडलाही नाही. तिथे आमचीच चूक होती, आणि ते आठवलं की मी दिलेले दोन हजार रुपयेही कमीच होते असं वाटतं.

विचारायचं असं आहे: पाहुण्यांना आधीच काय आणि कसं सांगायचं? पैसे परत मागितले तर द्यायचे का? आणि एक नातेवाईक सारखे सांगतात की तणनाशक मार, पंधरा दिवसांत सगळं साफ. मला विहिरीची भीती वाटते. फोटो आमचे सुरुवातीचेच आहेत, चांगले आलेत, त्यामुळे बुकिंग येतं. कुणी अनुभवी असेल तर कृपया सांगा.

---

अष्टागरातला

ताई, मी अलिबागच्या बाजूला बारा वर्षं खोल्या देतो आहे. निसर्गने आमचीही वाडी झोपवली होती, त्यामुळे तुमचं दुःख मला सांगायला नको. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळींत आहे. फोटो सुरुवातीचे, म्हणजे वादळाच्या आधीचे. त्या गृहस्थांनी मोबाइलवरचा फोटो आणि समोरची वाडी शेजारी धरून दाखवली. त्यांनी ज्या वाडीचे पैसे भरले ती वाडी आता नाही. हे कठोर वाटेल, पण त्यांची तक्रार गवताची नव्हती, ह्या फरकाची होती. आधी फोटो बदला. पावसाळ्यातले वेगळे, उन्हाळ्यातले वेगळे, प्रत्येकाखाली महिना लिहा. बुकिंग थोडं कमी होईल. माझं पहिल्या वर्षी झालं, मग सावरलं, कारण जे आले ते बघून आले.

तक्रारींची मी दोन टोपल्यांत वाटणी करतो. एका टोपलीत ज्याने माणसाला इजा होईल ते: शेवाळ, डोक्यावरचा नारळ, अंधारी वाट, साचलेलं पाणी. ह्यात वाद घालायचा नाही, त्याच दिवशी माणूस लावायचा आणि चूक असेल तर न मागता पैसे कमी करायचे. दुसऱ्या टोपलीत वाडीचा स्वभाव: पातेरा, झावळी, पैसे, बेडकांचा आवाज. ह्याचे पैसे परत करायचे नाहीत. ते आधी सांगायचं असतं. तुम्ही जे दोन हजार दिलेत ते कशाचे, हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, म्हणून त्यांना वाटलं की सगळीच तक्रार तुम्हाला मान्य आहे. "मुलगा घसरला ती आमची चूक, त्याबद्दल हे" असं म्हणून दिले असते तर तेच पैसे वेगळे लागले असते.

नारळाचं मात्र मनावर घ्या. जिथे माणूस बसतो, झोपतो किंवा गाडी लावतो, त्या जागेवरच्या माडाला तयार नारळ आणि सुकी झावळी ठेवायचीच नाही. माडाची साधारण महिन्याला एक झावळी सुटते, ती पडणारच. ती कुठे पडावी एवढं आपल्या हातात असतं. मी तसले सहा माड दर दीड महिन्याला उतरवून घेतो, बाकीचे सवडीने.

त्या तीन ताऱ्यांच्या खाली शांतपणे उत्तर लिहा. ते त्या गृहस्थांसाठी नसतं, पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतं. वादळाची गोष्ट दोन ओळींत सांगा, पायरीचं काय केलंत ते लिहा, आणि "तुम्ही चुकीचे आहात" असा सूर कुठेही येऊ देऊ नका.

---

कलमीआंबा

मी दापोलीलाच कृषी विद्यापीठात शिकलो, आता स्वतःची बाग आहे. फक्त तणनाशकाबद्दल लिहितो.

मारू नका. ज्याच्याबद्दल तुमचे नातेवाईक बोलत असावेत ते ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं, त्याला गवत आणि पोफळीचं रोप ह्यातला फरक कळत नाही. वाऱ्याने तुषार उडून चार-पाच वर्षांच्या पोफळीच्या खालच्या पानांवर गेले की तुमची पाच वर्षं पाण्यात. आपल्याकडे त्याची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरती आहे, माड-पोफळीच्या वाडीसाठी नाही. शिवाय तुमची विहीर आणि पाट तिथेच, आणि त्याच विहिरीचं पाणी पाहुणे पितात. दुसरं म्हणजे कोकणच्या पावसात जमीन उघडी पडली की माती पाटातून वाहून जाते. मेलेलं गवत दिसायलाही वाईटच दिसतं, पिवळं आणि मग काळं.

तुमचं निदान तुम्हीच बरोबर केलं आहे: सावली गेली म्हणून रान आलं. मग सावली परत आणा. नव्या पोफळींच्या मधल्या जागेत केळी लावा, वर्षभरात सावली धरतात आणि पाहुण्यांना दिसायलाही देखण्या. खाली हळद, पाटाच्या कडेला अननस. दोन-तीन वर्षांनी सावली दाटली की जायफळ, उरलेल्या माडांवर काळी मिरी चढवा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने हीच मिश्र पद्धत "लाखी बाग" म्हणून रूढ केली आहे, एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. पाहुण्याला "हे गवत आहे" ऐवजी "ही हळद आहे, हे जायफळ आहे" असं दाखवता येईल, हा वेगळाच फायदा.

तोवर मशीन दोनदाच मिळणार असेल तर वेळ नीट धरा. आपण ऑक्टोबरची वाट बघतो, तोवर गवत बी टाकून मोकळं होतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट उगवतं. तुरे यायच्या आधी कापा. एकदा जुलैच्या शेवटी, एकदा गणपतीच्या आधी. कापलेलं उचलू नका, रोपांच्या बुंध्यापासून वीतभर सोडून तिथेच पसरा.

डासांचं गवतापेक्षा पाण्याशी जास्त नातं आहे. वाडीत उताण्या पडलेल्या करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (पानांचे रुंद, खोलगट देठ). विरीत पावसाचं पाणी होडीत साचावं तसं साचतं. अंडं ते डास ह्याला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं पालथं घाला. हौदात गप्पी मासे सोडा.

---

सुट्टीतली_बस

मी पाहुण्यांच्या बाजूने लिहिते. मी मुलांना घेऊन कोकणात दर वर्षी जाते, खोली लहान असली तरी चालते. पण पहिल्या संध्याकाळी जिथे घरातलं माणूस बरोबर येऊन वाडी दाखवतं, तिथे मला पुढे कशाचाच राग येत नाही. एका ठिकाणी आजोबांनी मुलांना सांगितलं होतं, "रात्री धप्प आवाज आला तर तो माड आहे, सकाळी मला कोणता ते शोधून दाखवा." मुलं रात्रभर आवाजाची वाट बघत होती! तुमच्या सासूबाई सुपारी वेचतात तेव्हा मुलांना बोलवा की.

आणि एक कळकळीने सांगते. लहान मुलं बरोबर असली की आम्हाला खरी भीती सापाची असते, आणि ती विचारायला संकोच वाटतो. उंच गवत बघून आम्ही "मेंटेनन्स नाही" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा मनात तेच असतं. त्याबद्दल तुम्ही आपणहून बोललात तर बरं वाटेल.

---

तळकोकणी

वरच्या ताईंचं सापाचं म्हणणं अगदी खरं. आमच्या मालवण भागात आणि तुमच्याकडेही फुरशी हे विषारी साप आहेत, चिऱ्यांच्या फटीत आणि दगडांच्या ढिगात बसतात, रंग मातीत मिसळून जातो. खोल्यांच्या भोवती दहा-पंधरा फूट जमीन पूर्ण मोकळी ठेवा. लाकडं, चिरे, सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग ह्यातलं काही खोलीजवळ नको. ढीग म्हटला की उंदीर, आणि उंदीर म्हटला की साप. वाटेवर दिवे लावा आणि प्रत्येक खोलीत एक विजेरी टांगून ठेवा. जवळ सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आत्ताच जाऊन विचारून या आणि नंबर दारामागे लावा. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला हलू न देता गाडीत घालून न्यायचं.

शेवाळाला जुना उपाय: पावसाळ्याच्या तोंडावर वाटेवर आणि खळ्यात झापं (विणलेल्या झावळ्या) अंथरा. आमची आजी विहिरीपर्यंत झापांची वाट करायची. पाय घसरत नाही आणि चिखलही उडत नाही. महिन्या-दीड महिन्याने कुजली की बदलायची, जुनी माडाच्या आळ्यात. पायऱ्या मात्र दर आठवड्याला काथ्याने चोळून काढायला हव्यात, तिथे झापं सरकतात.

ओंबिलांचं कारण मी सांगतो. दोरी आंब्याच्या कलमाला बांधली असणार. ओंबील त्या दोरीवरूनच चालत येते. दोन लोखंडी पाइप रोवून दोरी त्यांना बांधा, झाडाची एकही फांदी टेकू देऊ नका. तिचं पानांचं घरटं जाळायला जाऊ नका, बागेतल्या किडी तीच खाते.

---

दारचीपोफळ

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. आता फेब्रुवारी संपत आला, कासवांची पिल्लं बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी खोल्या भरल्या आहेत, आज जरा सवड मिळाली.

अष्टागरातला, तुमचं उत्तर वाचून दोन दिवस मी धुसफुसले. मग मान्य केलं. ते फोटो मी बुकिंगसाठी ठेवलेत असं इथे लिहिलं, पण खरं कारण ते नव्हतं. तो फोटो जानेवारी २०२० चा आहे. सकाळची उन्हाची तिरीप पोफळींतून पाटाच्या पाण्यावर पडली आहे आणि सासरे शिंपणं हातात घेऊन उभे आहेत, पाठमोरे. वादळानंतरच्या वर्षी ते गेले. तो काढून टाकायला हातच होत नव्हता. आता तो फ्रेम करून ओटीवर लावला आहे, खाली तारीख लिहून. जाहिरातीत नवे फोटो टाकले: ऑक्टोबरातलं हिरवं रान, त्यात उभी नवी रोपं, आणि मोडलेल्या पोफळींचे बुंधे सुद्धा. येणारे पाहुणे ओटीवरचा फोटो बघून विचारतात, मग आपोआप बोलणं निघतं.

बुकिंग नोव्हेंबरात घटलं, चार रात्री कमी भरल्या. डिसेंबरात फरक जाणवला नाही.

त्या पुण्याच्या गृहस्थांना मी फोन केला. लिहिण्यापेक्षा बोलणं बरं वाटलं. मुलाचा गुडघा कसा आहे विचारलं, पायरी आता कशी केली ते सांगितलं, आणि फोटो जुने होते ही आमची चूक हेही सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "काकू, वादळाचं तेव्हाच सांगायचं होतंत." तारे त्यांनी बदलले नाहीत, मीही म्हटलं नाही. पण खाली एक ओळ वाढवली की फोन करून चौकशी केली.

तळकोकणी, दोरी कलमालाच होती! आता पाइप रोवले आहेत, ६५० रुपयांत काम झालं. विहिरीच्या पायऱ्या मावशी दर शुक्रवारी काथ्याने घासतात, त्यावर मी स्वतः चालून बघते, अनवाणी. सोडणांचा ढीग गडग्यापलीकडे हलवला, तेव्हा खाली खरंच एक फुरसं निघालं. अंगावर काटा आला. तो ढीग मुलांच्या खोलीच्या खिडकीपासून जेमतेम सहा पावलांवर होता, आणि आमच्यापैकी कुणाच्या मनात ते आलं नव्हतं. दवाखान्याचा नंबर दारामागे लावला आहे.

बुकिंग झालं की मी हा मजकूर पाठवते, कुणाला हवा तर घ्या:

"आमची राबती वाडी आहे. जून ते ऑक्टोबर रान उंच असतं, पातेरा आम्ही झाडांखाली मुद्दाम ठेवतो. झावळ्या पडतात, पैसे आणि बेडूक घरात येतात. खोल्यांभोवतीची जागा, वाट आणि पायऱ्या रोज साफ असतात. बसायच्या जागेवरचे माड उतरवलेले आहेत. पायात बंद चपला आणा. काही खटकलं तर त्याच दिवशी सांगा, दुसऱ्या दिवसापर्यंत दुरुस्त करू."

शेवटच्या वाक्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. जानेवारीत एका ताईंनी रात्रीच सांगितलं की न्हाणीमागे डास आहेत. सकाळी बघितलं तर गळलेल्या चार विऱ्या एकावर एक, वरच्यांत पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. माझं लक्षच गेलं नव्हतं. ती तक्रार आली नसती तर कळलंही नसतं.

सुट्टीतली_बस, सासूबाई आता मुलांना टोपली देतात. जो जास्त सुपाऱ्या वेचेल त्याला पहिली आंबोळी. परवा एक मुलगी ५२ घेऊन आली, तिचं नाव त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

आणि एक बातमी. २०२१ च्या रोपांपैकी विहिरीजवळच्या दोघींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली. सासूबाईंनी मला हात धरून नेऊन दाखवली.

कलमीआंबा, भाट्याला जाऊन आले. ३० केळी लावल्या, पैकी २७ धरल्या. आता प्रत्येकीच्या बाजूला चार-पाच मुनवे फुटलेत. सावलीसाठी सगळे ठेवू की काढू?

---

कलमीआंबा

वा, पोय आली! आनंद झाला. मुनवे सगळे ठेवू नका, घड बारीक येईल. मोठी एक आणि तिच्यामागून येणारा तलवारीसारख्या अरुंद पानाचा जोमदार एक, बाकीचे जमिनीलगत कापा. कापलेल्या खोडांचे तुकडे करून पोफळींच्या आळ्यात टाका, उन्हाळ्यात ओल धरून ठेवतील.